गाडीच्या पोटाखालची बटणं

६ नोव्हेंबर २०११, रविवार

गाडीच्या पोटाखाली प्लास्टिकचं ताट बांधायची अक्कल ज्या कोणाला सुचली, त्याला एकदा आमच्या पार्किंगमध्ये उताणा झोपवा. मग कळेल. सकाळी आठला आमचे हे गाडीखाली गेले ते साडेअकराला बाहेर आले. कशासाठी? ऑइल बदलायला!

जुन्या गाडीला वीस मिनिटं लागायची. खाली बोल्ट, बोल्टखाली डबा, झालं. ही गाडी सुदर्शनची. लेकानं नवी मोठी घेतली, ही आम्हाला दिली, म्हणून सोसायटीत त्याचं कौतुक. आता हिच्या खाली बंपरपासून पार मधोमध एक काळं कव्हर. त्याला चार स्क्रू आणि सात बटणं. ते उतरवल्याशिवाय ऑइलचा बोल्ट दिसतच नाही. बटणं म्हणजे क्लिपा. हे क्लिप म्हणतात. मी बटणच म्हणणार.

सातांतली एकही धड जागेवर बसली नाही. कव्हर चार स्क्रूंवर लोंबतंय. म्हटलं, गॅरेजला द्या. तर माझ्याकडे असं बघितलं की जणू मी यांना दुसऱ्याच्या हातानं जेवायला सांगितलं. खडकीच्या कारखान्यात चौतीस वर्षं फिटर. लष्कराच्या गाड्या उघडल्या आणि मिटल्या. ठीक आहे. पण लष्कराच्या गाडीला प्लास्टिकचं पोट नव्हतं ना!

८ नोव्हेंबर, मंगळवार

आज मशीनचा दिवस. मंगळवार आणि शुक्रवार. माझी मूत्रपिंडं बसली त्याला दोन वर्षं झाली. चार तास रक्त धुतात, मग हे मला गाडीत घालून विश्रांतवाडीला घरी आणतात.

येताना आळंदी रोडवर कव्हर खाली फडफडत होतं, फाटक्या चपलेसारखं. सिग्नलला शेजारचा रिक्षावाला म्हणाला, "आजोबा, गाडीची चड्डी सुटलीये." हे हसले नाहीत. मीही नाही. मशीनवरून उठलं की मला हसायला ताकद नसते.

१० नोव्हेंबर, गुरुवार

रिक्षा करून खडकी बाजारात शमशुद्दीनच्या दुकानात गेले. स्पेअर पार्टवाला. यांना वीस वर्षं ओळखतो. सात बटणं दे म्हटलं.

तो हसायला लागला. "वहिनी, रावसाहेब महिन्यात दोनदा येऊन सात-सात घेऊन गेले. क्लिपांची भाजी करता का?"

मी म्हटलं, भाजी नाही, कोशिंबीर. तोही हसला, मीही. मग त्यानं सहज सांगितलं, ऑइलचे डबेसुद्धा दोनदा नेले.

महिन्यात दोनदा. त्यात हा रविवार. गाडी जाते कुठं? दवाखाना आणि घर. ऑइल वर्षातून एकदा बदलायचं असतं, हे मला चौथी शिकलेल्या बाईलाही माहीत आहे. यांनीच सांगितलेलं.

रिक्षात बसले तेव्हा हातात पिशवी नव्हती. शमशुद्दीनकडे चारच सुटी होती, तीही काउंटरवर विसरले. त्यानं पळत आणून दिली.

१३ नोव्हेंबर, रविवार

लिहू की नको. लिहिते. बोलायला कोण आहे.

सकाळी हे परत विटांवर फळ्या ठेवायला लागले. चाकं वर घ्यायला. मी म्हटलं, गेल्या रविवारी तर झालं. म्हणाले, "गेल्या रविवारी आपण सुदर्शनकडे बाणेरला होतो." नव्हतो. वाद घातला असता तर सगळ्या मजल्यांच्या खिडक्या उघडल्या असत्या.

बोल्ट निघाला. डब्यात ऑइल पडलं ते शेंगदाण्याच्या तेलासारखं. पिवळं, स्वच्छ. जुनं ऑइल काळं असतं. यांनीही पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "चांगलं ऑइल आहे. टिकलंय."

मी कांताबाई, कोणाला घाबरत नाही. सासूला घाबरले नाही, कारखान्याच्या साहेबाला घाबरले नाही. त्या पिवळ्या तेलाला घाबरले.

पुढचं ऐक. शमशुद्दीनची चार बटणं मी यांच्या हातात दिली नव्हती, पिशवीतच ठेवली होती. पण मागच्या खेपेची एक-दोन खाली अडकून राहिलेली, ती यांनी पकडीनं ओढून काढली आणि सरळ भंगाराच्या डब्यात टाकली. चांगली होती! विचारलं, का? तर म्हणाले, "एकदा उपसलेली पिन परत लावायची नाही." कारखान्याचा नियम. चाकाची लोखंडी पिन एकदा काढली की भंगारात, तिच्या जागी कोरी. चौतीस वर्षं हाताला तेच वळण. म्हणून ती सगळी बटणं जात होती तिकडे. नियम आठवतो, रविवार आठवत नाही.

आणि शेवटी हात धुवायला आत आले. गाडी तयार म्हणाले. मी बाहेर पाहिलं. नव्या ऑइलचा डबा सीलबंद, फळीवर तसाच.

म्हटलं, ओतायचं राहिलं वाटतं. जाऊन ओतलं. गाडी तशीच चालू केली असती तर? रस्त्यात, मला घेऊन?

१४ नोव्हेंबर, सोमवार

सुदर्शनचा फोन. "आई, बाबा कसे आहेत?" ठणठणीत, म्हटलं.

१५ नोव्हेंबर, मंगळवार

खोटं का बोलले ते लिहून ठेवते.

सूनबाईच्या मामांचं असंच झालं होतं. प्रियदर्शनी वाईट नाही, पण सगळं तिला व्यवस्थित लागतं. मामा विसरणाऱ्या म्हाताऱ्यांच्या केंद्रात, मामी मुलाच्या फ्लॅटमध्ये आठव्या मजल्यावर. दर महिन्याला भेटवतात. सुदर्शनला ही व्यवस्था फार आवडली होती, माझ्यासमोर म्हणाला होता. त्याला यांचं कळलं की हे तिकडे, मी इकडे.

प्रेमाबिमाचं मला सांगू नका. शेहेचाळीस वर्षांत यांनी मला एकदा गजरा आणला, तोही सुकलेला. पण मशीनवरून उठले की डोळ्यांसमोर अंधार येतो. त्या वेळी कुठं धरायचं, किती घट्ट धरायचं, डाव्या हाताला हात लावायचा नाही, हे यांना न सांगता कळतं. अजून एकदाही चुकलेले नाहीत. आज पण नाही.

म्हणजे गाडी चालवता येते. मला धरता येतं. फक्त ऑइल बदलायचं नाही. एवढंच जमवायचं.

१७ नोव्हेंबर, गुरुवार

जमवलं!

दुपारी हे झोपले. ऑइलचे उरलेले डबे तांदळाच्या पिंपात. पाने, पकड, जॅक पलंगाखाली जुन्या ट्रंकेत, वर गोधड्या. मग मी साडीचा काचा मारून स्वतः गाडीखाली गेले. वय सदुसष्ट. डाव्या हाताची शीर मशीनसाठी फुगवलेली, दोरखंडासारखी. त्या हातावर भार द्यायचा नाही. एका उजव्या हातानं काम.

तासाभरात त्या बटणाची खोड कळली. हे पकडीनं ओढायचे, म्हणून एखादं तुटायचं. ब्लाउजच्या टिचबटणासारखं आहे ते. मधलं टोक आधी स्क्रूड्रायव्हरनं वर उचकटायचं, मग सगळं आपसूक बाहेर येतं. लावताना आधी अंग आत, मग टोक दाब. टक आवाज आला की बसलं. चौतीस वर्षांच्या फिटरला न कळलेलं मला कळलं म्हणून जरा बरं वाटलं. जरा जास्तच वाटलं.

चार बटणं चार भोकांत. राहिली तीन भोकं, पुढं दोन आणि मधे एक. शमशुद्दीनकडे अजून माल आलेला नाही. कपडे वाळवायची नायलॉनची दोरी होती, नवी. दुहेरी केली, भोकांतून ओवून वरच्या एका पाइपाला बांधली. पाळण्याला मारतात तशा गाठी मारल्या. हलवून पाहिलं. घट्ट.

यांना काही सांगितलं नाही. सांगितलं की उघडायला बसतील.

बाहेर यायला मात्र जमेना. कंबर धरली. शेवटी तळमजल्याची कॉलेजातली सोनू आली, तिनं पाय धरून ओढलं. "आजी, तुम्ही खाली काय करत होतात?" म्हटलं, आंबे पाडत होते.

२० नोव्हेंबर, रविवार

सकाळी सातपासून पाने शोधतायत. मी सांगितलं सुदर्शन घेऊन गेला. परत शोधले. परत सांगितलं. चार वेळा.

मग पायरीवर बसले. हात गुडघ्यांवर. बारा वाजेपर्यंत हललेच नाहीत. मी पोळ्या करून बाहेर आले तेव्हा म्हणाले, "मग मी काय करू?"

साधंच विचारलं. भाजी कुठली आणू असं विचारतात तसं. मेथीची जुडी पुढ्यात टाकली. त्यांनी निवडली. पानं एकीकडे, आणि काड्या ताटात ओळीनं, लहान ते मोठी. एकही काडी वाकडी नाही.

मी आत गेले. नळ सोडून उभी राहिले. पाणी वाया गेलं.

२२ नोव्हेंबर, मंगळवार

मशीन. जाता-येता खालून आवाज नाही. जिंकले.

२५ नोव्हेंबर, शुक्रवार

आळंदी रोडला, सकाळी साडेनऊला, कव्हर सुटलं.

आधी घासल्याचा आवाज, मग धाडकन. पाठीमागून एक मुलगी स्कूटीवर येत होती, गळ्यात कंपनीचं कार्ड. तिच्या चाकाखाली कव्हर आलं. मिसबा नाव आहे. येरवड्याला राहते, आयटीत कामाला. पायाचं हाड मोडलं. हेल्मेट होतं म्हणून डोकं वाचलं. ती ओरडत नव्हती. नुसती "अम्मीला सांगू नका" म्हणत होती.

मी गाडीतून उतरले नाही.

हे उतरले. मला हे लिहायलाच हवं. एक क्षण गोंधळले नाहीत. मागची वाहनं थांबवली, स्कूटी उचलली, तिच्या पायाला हात न लावता फळी मागवली, रिक्षात आडवं झोपवलं. चाळिशीतले वाटले. मग कव्हर ओढून कडेला घेतलं आणि दोरीचं टोक हातात धरलं. वितळून काळा गोळा झालेला. म्हणाले, "नायलॉन. सायलेन्सरच्या पाइपाला. तासभर गाडी चालली की वितळणार."

एका नजरेत कळलं त्यांना. त्या गुरुवारी मी एक शब्द विचारला असता तर एका शब्दात सांगितलं असतं, तार वापर. मी विचारलं नाही. रविवार विसरणाऱ्या माणसाला काय विचारायचं, असं मीच ठरवून टाकलं होतं.

हवालदार आला. दोरी कोणी बांधली, म्हणाला. हे दोरीकडे बघत राहिले. मी काय बोलले? "मला मशीनला उशीर होतोय." हेच बोलले. रिक्षा केली आणि गेले. चार तास पडून होते. उठताना अंधार आला तेव्हा नर्सनं धरलं. नको तिथं.

हवालदार यांना चौकीत घेऊन गेला होता, सुदर्शन ऑफिसातून थेट तिकडे गेला. फोनवर एवढंच म्हणाला, "आई, बाबांबद्दल तू मला काहीच का सांगितलं नाहीस?"

२६ नोव्हेंबर, शनिवार

सुदर्शन सकाळी आला. गाडीची किल्ली त्याच्या खिशात. बाबांनी काल चौकीत काय लिहून दिलं ते त्यानं सांगितलं. "दोरी मीच बांधली असणार. दोन वर्षांपासून मला आठवत नाही. बायकोला सांगू नका, ती एकटी पडेल."

दोन वर्षं.

मुलीचे वडील आणि हवालदार अकराला इथं येणार आहेत. यांनी आतल्या खोलीत बसायचं. सुदर्शननं तोंड उघडायचं नाही. दोरी मी बांधली. ते काय विचारतील ते मला विचारतील, आणि उत्तर मी देणार.