साळूचा नवरा

४ मे २०२५, रविवार. नावन, आयर्लंड.

सात महिने या वहीला हात लावला नाही. वहीची माफी. शेवटची नोंद तात्यामामा गेल्याची आहे, आईच्या मोठ्या भावाची. त्यानंतर लिहायला बसलं की प्रत्येक वाक्य खोटं वाटायचं. आज मात्र लिहिल्याशिवाय राहवत नाही.

आई येऊन तीन आठवडे झाले. दुपारी माझ्या लेकीला, इराला, शाळेसाठी घराण्याचा वृक्ष काढायचा होता. आई खाली बसून मेथी निवडत होती, इरा सोफ्यावर. इराचे प्रश्न इंग्रजीत, आईची उत्तरं खटावकडची, आणि दोघींचं छान चाललेलं. इराने विचारलं, तुझ्या आजीचं नाव काय?

आई म्हणाली, "कुठलं सांगू? सासरचं कृष्णाबाई. माहेरचं साळू. पर माहेरचं आता कुनाला ठावं न्हाई, मलाच तेवढं."

मी स्वयंपाकघरात प्रेसमधून, म्हणजे इथल्या बोलीत कपाटातून, डाळीचा डबा काढत होते. डबा ओट्यावर ठेवला आणि वर जाऊन बाथरूमचं दार लावून बसले.

साळू. हे नाव मी दोन वर्षांपूर्वी वाचलेलं आहे.


५ मे, सोमवार. बँक हॉलिडे.

सकाळी जुनी वही शोधली. माझंच अक्षर, माझाच ठामपणा:

"पहिल्या महायुद्धातल्या मृतांची यादी ऑनलाइन सापडली. सॅपर (खंदक खणणारा, पूल बांधणारा शिपाई) सखाराम, बाळाचा मुलगा, साळूचा नवरा, वडगाव, जि. सातारा. कबर नाही, नाव उत्तर फ्रान्समधल्या स्मारकाच्या भिंतीवर. आपला नव्हे. पणजी कृष्णाबाई होती. शिवाय वडगावं डझनभर. तात्यामामांना कळवलं, नाव नाही."

सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधणं हा माझा पोटाचा धंदा. एक रकाना जुळला नाही, मी माणूसच बाद केला.

लग्नात बायकोचं नाव बदलतात. हे मला माहीत नव्हतं का? आई माहेरची हौसा, सासरची सुमन. मी स्वतः नाव बदललं नाही आणि त्याचा इतका अभिमान धरला, की बाकीच्यांची बदलतात हेच विसरले. आईला एक फोन पुरला असता. पण बातमी वाईट होती, म्हणून परस्पर मामांनाच सांगून मोकळी झाले. मामा म्हणाले होते, "बरं. नसंल तर नसंल."

ते "नाही" घेऊनच गेले.


६ मे.

काय नाकारलं ते एकदा नीट लिहून ठेवते.

पणजोबा सखाराम वडगावहून लढाईला गेले, परत आले नाहीत. कागद आला नाही, निदान घरापर्यंत तरी नाही. भावकीने ठरवलं, पळाला. आईचा भावकीतला चुलतभाऊ बापू, त्याचे वडील पारावर बसून सांगायचे, सख्यानं फ्रान्सात मड्डम केली. कुणी मेला असेल म्हटलं तर उत्तर तयार, मग त्याच्या बायकोच्या कपाळाला कुंकू कसं? कारण पणजीने कुंकू पुसलं नाही. बातमी येत नाही तोवर मी सवाशीण, म्हणायची. पंचावन्न वर्षं. तिच्याच कपाळाकडे बोट दाखवून तिच्या नवऱ्याला पळपुटा म्हणायचे.

आई तिच्या हाताखाली वाढली. शाळेत आईला मुली "मड्डमची नात" म्हणायच्या.

उद्या सांगायचं. आज तीनदा तोंड उघडलं आणि तीनदा चहा केला.


७ मे, बुधवार.

सांगितलं. सगळं, माझी जुनी नोंद वाचून दाखवून.

आई कणीक मळत होती, मळतच राहिली. मग विचारलं, "दोन वर्सं?" मी हो म्हटलं. "म्हंजी तात्या हुता तवा." मी हो म्हटलं. संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलली नाही. माझ्या नवऱ्याशी, प्रसादशी बोलली, इराशी बोलली, शेजारच्या डर्मटच्या कुत्र्याशीही बोलली.

जेवताना एकदम, "ती भित कुठं हाय?"

नकाशा दाखवला. तिने चष्मा लावून पाहिला, फोन बाजूला सारला. "बापूला आत्ता काय बी सांगायचं न्हाई. मी हात लावून बगीन, मग सांगीन. कागदावर तू एक डाव फसलीयास."

बरोबर आहे. राग आला आणि पटलंही.


१० मे, शनिवार.

जूनमध्ये पॅरिसला जायचं ठरलंच होतं. आईचा फ्रान्सचा व्हिसा पुण्याहून काढून आणलेला. आयर्लंडचा पुन्हा आत येण्यासाठी चालतो ना, ते दोनदा तपासलं. आता पॅरिस रद्द, गाडी बोटीवर घालून थेट स्मारकाच्या दिशेने. इराचा थीम पार्क गेला. मला वाटलं आकांडतांडव होईल. तिने खांदे उडवले, म्हणाली, ग्रँड, म्हणजे इथलं "ठीक आहे", आणि मग विचारलं की त्या माणसाला खरंच कुणी कधी भेटायला गेलेलं नाही का.

डर्मट कुंड्यांना पाणी घालणार आहे. त्याच्या आजोबांचा भाऊही तिकडेच गेला, त्याच युद्धात. आयरिश असून ब्रिटिशांच्या सैन्यात गेला म्हणून घरात त्याचं नाव काढायचे नाहीत, पदक प्रेसच्या मागे दडवलेलं. तो म्हणाला, जा आणि तुमच्या माणसाला बघून या, माझ्या घरातून कुणी गेलं नाही.


१४ जून, शनिवार. बोटीवर.

रॉसलेअर बंदरातून संध्याकाळी सुटलो. आईने दशम्या, शेंगदाण्याची चटणी, लोणचं घेतलंय. नऊवारीवर इराचं जुनं हूडी, पायात स्पोर्ट शूज. डेकवर विचारत होती, "त्यो बी बोटीनंच आला आसंल?" हो म्हटलं. मग बराच वेळ पाण्याकडे बघत होती.

मला एकच भीती. दुसरा कुणी सखाराम, दुसरा बाळा, दुसरी साळू, दुसरं वडगाव? प्र. म्हणतो, चार गोष्टी जुळल्या, आता पुरे कर. मला अजून पाचवी हवी आहे.


१५ जून, रविवार. नॉर्मंडी.

हे दुसऱ्या महायुद्धाचं रान. प्र.ला बघायचं होतंच. समुद्रावरच्या कुरणात काँक्रीटची तोफखान्याची घरं, भिंती हातभर जाड, आणि सावलीला गाई बसलेल्या. एका गाईने बंकरच्या दारातच शेण टाकलेलं. आईला फार बरं वाटलं.

पण तिचं लक्ष वेगळीकडे. इथे प्रत्येक गावात, चर्चसमोर किंवा चौकात, त्या गावच्या मेलेल्यांचा दगड आहे. दोन्ही युद्धांचा. दहा घरांचं गाव असलं तरी. आईने चार ठिकाणी गाडी थांबवली. इरा नावं वाचायची. एका दगडावर एकाच आडनावाचे तिघे.

"भाऊ आसतील," आई म्हणाली. "गावानं गावातच लिवलंय बग. वाट बगत बसली न्हाईत."


१६ जून, सोमवार. न्यूव शापेल.

आजच लिहायचं.

पाच तासांचा रस्ता. शेवटी सपाट रान, बीट, बटाटे, आणि त्यात मधेच एकदम ते स्मारक: एक खांब, वर कमळ, बाजूला दगडी वाघ, दगडी जाळ्या, छत्र्या. आई गाडीतच म्हणाली, "ह्ये आपल्याकडचं हाय." आत हिरवळ, गोल भिंत, भिंतभर नावं. आमच्याशिवाय फक्त गवत कापणारा एक म्हातारा.

नोंदवही भिंतीतल्या पितळी दाराआड ठेवलेली असते. मी आधी ती काढली. पान सापडलं. साळूचा नवरा, वडगाव. जे ऑनलाइन तेच, पण छापलेलं, माझ्या हातात. भिंतीवरचा भाग कुठला तेही.

सॅपरांचा भाग. इराने आधी पाहिलं. पण बोट वर दाखवलं. नाव आईच्या डोक्यावर चांगलं तीन हात.

आईला इंग्रजी अक्षरं एसटीच्या पाट्यांवरून येतात. मान वर करून एकेक अक्षर लावलं. एस. ए. के. इराला मधे बोलू दिलं नाही. शेवटपर्यंत वाचलं आणि म्हणाली, हात पुरत न्हाई.

मी म्हटलं, फोटो काढू, प्र. उंच आहे, तो लावेल हात. आईने माझ्याकडे अशी नजर टाकली की मी फोन परत खिशात घातला. तोवर इरा त्या म्हाताऱ्याकडे पळाली होती. तिचं शाळेतलं फ्रेंच, हातवारे. तो शेडकडे गेला आणि शिडी घेऊन आला. लाकडी, पाच पायऱ्यांची. शिडी त्यानेच भिंतीशी लावली, पायाने दाबून पाहिली, टोपी काढली.

वय सत्त्याहत्तर. डावा गुडघा गेलेला. मी नको नको म्हणत होते. आईने काष्टा खोचला आणि चढली. प्र. एका बाजूला, म्हातारा दुसऱ्या बाजूला, मी खाली दोन्ही हात पसरून मूर्खासारखी.

चौथ्या पायरीवर हात पुरला. तळवा नावावर ठेवला. मग मोठ्याने, रानात हाक मारावी तसं:

"आबा, साळूची नात आले. मी हौसा."

इरा रडत होती. मला रडायला वेळ नव्हता, मी शिडी बघत होते.

खाली उतरल्यावर आई हिरवळीवर बसली, पाणी प्यायली आणि म्हणाली, "पलटनीत नाव लिवताना साळूच सांगितलं त्यानं."

मी विचारलं, म्हणजे?

"आजीचं सासरचं नाव त्याच्या आयनं ठिवलेलं. घरात समदी किस्नाबाई म्हनायची. साळू म्हनायला बंदी हुती. आजी सांगायची, फकस्त विहिरीवर एक मानूस मला साळू म्हनायचा. कोन ते आजवर कळलं न्हवतं."

हीच माझी पाचवी गोष्ट. शंका संपली. आयुष्यात पहिल्यांदा माझी शंका पूर्ण संपली.

मग व्हिडिओ कॉल. बापूमामा, वय ऐंशी, अंगणात खाटेवर. आईने फोन भिंतीकडे धरला. कुठे, काय, कसं, सगळं एका दमात सांगितलं. मामा खाटेवर उठून बसले. मग, "हौसे, मग माझा बा खोटं बोलत हुता व्हय?"

"व्हय."

एवढंच म्हणाली. तिने तो शब्द सत्तर वर्षं जपून ठेवला होता.

म्हाताऱ्याने शिडी परत नेताना आईला हात जोडले. कुठे शिकला कोण जाणे. आईने त्याला दोन दशम्या दिल्या.


१७ जून. परतीची बोट.

आई डेकवर गुणगुणतेय. मला एक गोष्ट खुपते. तात्यामामांचं काय? आईला विचारलं, मला माफ केलंस का? म्हणाली, "न्हाई अजून. पर तुज्याबिगर आले बी नसते." हे पुरेसं आहे. याहून जास्त मागू नये.


१९ जून, गुरुवार. नावन.

बापूमामांचा फोन. आवाज वेगळाच. रात्रभर झोपले नाहीत म्हणे. मारुतीच्या देवळापुढच्या पारावर सखारामाच्या नावाचा दगड बसवायचा, आपल्या हाताने, भावकी गोळा करून. "माज्या बानं पारावर घालवलेलं नाव पारावरच लावतो." आई फोन ठेवून ओट्याशी उभी राहिली आणि इराला म्हणाली, आज गोड कर काहीतरी. इराने फ्रीजमधून पॅनकेक काढले. चालले.

पण मामांना नोंदवहीच्या पानाचा फोटो हवा आहे. भावकीला दाखवायला. साळूचं नाव त्यावरच आहे, तेच आमचं प्रमाण. आणि त्याच ओळीत मृत्यूची तारीख.

आई म्हणते, तारीख कापून पाठव. तारीख गावात पोचली की तिथी काढतील, श्राद्ध घालतील, आणि म्हातारीने पंचावन्न वर्षं विधवा असून कुंकू लावलं असं नवं सुरू होईल. "तिनं पुसलं न्हाई, मी पुसनार न्हाई."

मी म्हटलं, कापलेला पुरावा हा पुरावा नसतो. एकदा माझ्या अर्ध्या माहितीने काय झालं ते आपण पाहिलंय.

आई म्हणाली, "ती तुजी चूक. ह्ये तिचं कपाळ."

प्र. म्हणतो, दोघींचं बरोबर आहे. त्याचा काही उपयोग नाही. इरा म्हणाली, पणजीला विचारायला हवं होतं. विचारता आलं असतं तर काय म्हणाली असती? ती त्या तारखेनंतर पंचावन्न वर्षं खोटं नाही जगली, वाट बघत जगली. पण हे एका फोटोत कसं मावायचं? खाली चार ओळी लिहून पाठवल्या तर? भावकी ओळी वाचते की आकडे?

दोन्ही फोटो फोनवर शेजारी शेजारी आहेत. पूर्ण आणि कापलेला.

उद्या: बापूमामांना फोटो पाठवणे.