साकवावर उभे राहण्यासाठी एक माणूस मिळण्याबाबत

प्रति,
मा. निवडणूक निर्णय अधिकारी,
आंबलतुरुत्त ग्रामपंचायत,
कुट्टनाड.

विषय : वॉर्ड क्र. ७ मधील शाळेच्या साकवावरून मुलांना पार नेण्यासाठी कोणत्याही उमेदवाराचा नसलेला एक माणूस मिळण्याबाबत, तसेच जप्त केलेल्या फळ्या साकवावरच ठेवण्याबाबत.

संदर्भ : १) भरारी पथकाचा फळ्यांच्या जप्तीचा पंचनामा.
२) 'प्रचारात अल्पवयीन मुलांचा वापर' ही मला आलेली नोटीस.
३) चित्रीकरण करणारे श्री. नौशाद यांना आलेली नोटीस.

महोदय,

मी खाली सही करणारी के. एन. भार्गवी, वय एकाहत्तर, आंबलतुरुत्तच्या सरकारी प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका. माझ्याकडे कायम पहिलीचाच वर्ग असे. त्यामुळे कोणतीही गोष्ट अगदी सुरुवातीपासून सांगण्याची मला खोड आहे, ती आपण सांभाळून घ्यावी. वॉर्ड सातच्या अपक्ष उमेदवार श्रीमती अंबिली दिवाकरन यांच्या प्रचार समितीची मी निमंत्रक आहे. अंबिली बदके पाळते. ती माझी विद्यार्थिनी आहे हे खरे. परंतु समोरच्या दोन्ही उमेदवारांनाही अक्षरे मीच गिरवायला लावली आहेत, तेव्हा यात पक्षपात धरू नये.

१. आमची वस्ती कालव्याच्या अलीकडे आणि शाळा पलीकडे आहे. मध्ये नारळाच्या एका ओंडक्याचा साकव होता. तो आतून कुजला होता, हे तिन्ही उमेदवारांना मान्य आहे. या वॉर्डात तिघांचे एकमत झालेली एवढी एकच गोष्ट आहे.

२. अर्ज भरून आल्यावर अंबिली माझ्या ओट्यावर बसून म्हणाली, "टीचर, मोठ्या पक्षांचे फलक बघितलेत का? माझ्या बदकांच्या शेडपेक्षा मोठे आहेत. आपण काय लावायचं?" मी म्हटले, काहीच लावायचे नाही, साकव दुरुस्त करायचा. त्यानुसार मी घरोघर जाऊन जे आवाहन केले, ते जसेच्या तसे खाली देत आहे, कारण पुढचे सगळे त्यातूनच उद्भवले :

"अंबिलीसाठी आम्ही पैसे मागायला आलेलो नाही. आम्ही पोस्टर छापणार नाही, गाडीवर भोंगा बांधणार नाही. आपल्या घरातून रविवारचा एक तास द्या आणि एक फळी द्या. जुन्या होडीची चालेल, गोठ्याच्या दाराची चालेल. फळी नसेल तर खिळे द्या. खिळे नसतील तर हातोडी धरा. आणि ज्यांचे हात आता चालत नाहीत, त्यांनी काठावर बसून काम करणाऱ्यांना नावे ठेवावीत, तेही काम लागते. अंबिली निवडून आली तर पक्का पूल मागून घेईल. तोवर मुले कोरड्या पायांनी शाळेत जाऊ देत."

३. चहाच्या टपरीवर तंकच्चन बसलेला असतो. तो समोरच्या पक्षाचा जुना कार्यकर्ता आहे. आवाहन ऐकून तो मोठ्याने म्हणाला, "टीचर, तुमच्या उमेदवाराला बदकांचीच मतं पडणार! रांगेनं बूथवर येतील बघा." मी त्याला म्हटले, "तंकच्चा, पहिलीत असतानाही तू दुसऱ्याच्या पाटीकडे बघून हसायचास. फळी आणतोस का?" "माझा पक्ष वेगळा आहे, टीचर." संध्याकाळी तोच जुन्या होडीची फळी खांद्यावर घेऊन आला आणि म्हणाला, "ही बायकोनं दिलीय. मी नाही." ही फळी पंचनाम्यात 'अज्ञात समर्थकाकडून' अशी नोंदली आहे. ते बरोबरच आहे असे मी समजते.

४. रविवारी माणसे इतकी आली की हातोड्या कमी पडल्या. आम्ही जुना ओंडका कापून काढला, तो प्रवाहाबरोबर वाहून गेला, आणि अर्ध्यापर्यंत फळ्या ठोकल्या. तेवढ्यात भरारी पथक आले. उमेदवाराने मतदारांच्या वापरासाठी काही बांधून देणे हे प्रलोभन ठरते, असे त्यांनी मला समजावले. महोदय, नियम चुकीचा आहे असे माझे म्हणणे नाही. उद्या कोणी साकवाऐवजी साड्या वाटेल, तेव्हा हाच नियम आम्हाला हवासा वाटेल. परंतु पथकाने काठावरच्या फळ्यांबरोबर ठोकलेल्या फळ्याही उचकटून नेल्या. त्या आता पंचायतीच्या आवारात ताडपत्रीखाली, सील लावून ठेवलेल्या आहेत. राखणीचा पोलीस दुपारी त्यांच्यावर बसून डबा खातो. कालव्यावर मात्र जुना साकवही नाही आणि नवाही नाही. गावकऱ्यांनी सुपारीची दोन खोडे आडवी टाकली आहेत, ती पायाखाली फिरतात.

५. म्हणून दुसऱ्या दिवसापासून मी काठावर उभी राहू लागले. मुले एकवीस आहेत. एका वेळी एकच मूल, एका हातात दोरी, दुसऱ्या हातात चपला. निघायला एक शिट्टी, पलीकडे पोचल्यावर दोन. ही शिट्टी मी नोकरीत होते तेव्हापासून माझ्या गळ्यात आहे. त्याच आठवड्यात अपक्षांची चिन्हे आपल्या कार्यालयात चिठ्ठ्या टाकून ठरली आणि अंबिलीला शिट्टी मिळाली. तिने होडी मागितली होती, हे आपल्याला आठवत असेल. दुसऱ्या सकाळी पथकाने साकवावर चित्रीकरण केले. त्यात एका उमेदवाराची निमंत्रक त्या उमेदवाराचे चिन्ह वाजवते आहे आणि मुले रांगेने चालली आहेत, असे दिसते. मला ते दाखवण्यात आले. खरे सांगायचे तर ते मिरवणुकीसारखेच दिसते. शिट्टी जप्त झाली आणि संदर्भ २ ची नोटीस आली.

६. मी आपल्या कार्यालयात आले तेव्हा आपण दौऱ्यावर होता. सहायक अधिकाऱ्यांनी मला खुर्ची दिली आणि सौम्यपणे म्हणाले, "टीचर, मतदान होईपर्यंत मुलांपासून शंभर मीटर लांब राहा. दुसऱ्या कुणाला तरी उभं करा."

मी विचारले, "कुणाला?"

"जो कुठल्याच उमेदवाराचा नाही, असा कोणीही."

"साहेब, आमच्या वॉर्डात असा माणूस अजून जन्माला यायचाय."

ते हसले. मी विनोद केलेला नव्हता. आमच्याकडे प्रत्येक घर कोणाच्या ना कोणाच्या तरी पथकात आहे, आणि ज्या घरात नवरा एका पक्षाचा आणि बायको दुसऱ्या पक्षाची आहे तिथेही तटस्थ असे कोणी नाही, स्वयंपाकघर तेवढे आहे. मुलांच्या आया पहाटेच कोळंबी सोलायला शेडवर जातात. शाळेच्या मुख्याध्यापिका मतदानाच्या प्रशिक्षणाला गेल्या आहेत, आणि उरलेल्या एकट्या शिक्षिका वर्ग सोडून काठावर येऊ शकत नाहीत. समोरच्या एका पक्षाचा कार्यकर्ता कुंजच्चन याने आपली छोटी होडी देऊ केली, परंतु तिच्या दोन्ही बाजूंना त्याच्या पक्षाचा झेंडा रंगवलेला आहे. तशा होडीत मुले बसवली तर पुन्हा 'मुलांचा वापर' होतो. रंग खरवडायला तो तयार होता; तर त्याच्याच पक्षाच्या तालुका समितीने त्याला सांगितले की प्रचारसाहित्य खरवडल्यास तुझ्यावर आम्हीच कारवाई करू.

७. आता मुख्य गोष्ट. गेल्या गुरुवारी मी आदेशाप्रमाणे लांब उभी होते. अंतर तंकच्चनने स्वतः दोरीने मोजून तिथे दगड ठेवला आहे. मी दगडाच्या मागून मुलांना ओरडून सांगत होते, "चपला हातात! खाली बघू नका, शाळेकडे बघा!" टपरीवरून तंकच्चन म्हणाला, "टीचर, आवाज शंभर मीटरच्या आत जातोय हं. तक्रार करू का?" सगळे हसले. मीही हसले. त्याच वेळी पहिलीतली मीनुट्टी मधोमध आली, सुपारीची खोडे बाजूला सरकली आणि ती त्या फटीतून सरळ खाली गेली. आवाजसुद्धा झाला नाही.

महोदय, मी धावले. या वयात शंभर मीटर किती असते ते मला त्या दिवशी समजले. पथकाचा नौशाद काठावर चित्रीकरण करत होता. मी ओरडले, "नौशाद, कॅमेरा ठेव!" परंतु त्याने माझी वाट पाहिली नव्हती. तो कॅमेरा गवतात टाकून आधीच पाण्यात होता. प्रवाहाने साकवापासून खोल पाण्यात नेलेल्या मीनुट्टीला त्याने दप्तराच्या पट्ट्याने धरले आणि डोक्यावर उचलले. तो डोंगराकडचा आहे. त्याला पोहता येत नाही, हे आम्हाला तेव्हा कळले, जेव्हा मूल पाण्याबाहेर राहिले आणि तो आत जाऊ लागला. दोघांना ओढून बाहेर काढले ते तंकच्चनने. मुलांच्या वापराबद्दलची माझ्याविरुद्धची तक्रारही त्यानेच लिहिलेली आहे आणि ती त्याने मागे घेतलेली नाही. मी विचारले तर कपडे पिळत म्हणाला, "टीचर, ते राजकारण आहे. हे वेगळं."

मीनुट्टी बरी आहे. ताप उतरला. पण ती आता पाण्याच्या बाजूच्या खिडकीत बसत नाही, आणि तिची आई तिला शाळेत पाठवत नाही. आणखी चार घरांनीही मुले घरी ठेवली आहेत. पट कमी झाला की शाळा दुसऱ्या शाळेत विलीन होते. मला त्या मुलांच्या आयांना 'पाठवा' असे सांगता आलेले नाही. आयुष्यात प्रथमच.

८. नौशादला नोटीस आली की शासकीय चित्रीकरणात खंड पडला असून त्या वेळात फक्त आकाश आणि नारळाचा शेंडा दिसतो. हे खरे आहे. त्यात माझा आवाज आहे, तो 'शासकीय कामात अडथळा' म्हणून नोंदला आहे. तेही खरे आहे. तो अडथळा मी केला, त्याने नाही. त्याचे काम काढून घेतले आहे आणि त्याने आमच्या उमेदवाराला मदत केली असे त्या नोटिशीत म्हटले आहे. मीनुट्टीचे वडील कुंजच्चनच्या पक्षाचे आहेत. पाण्यात पडलेल्या मुलाला बाहेर काढण्याआधी त्याचा पक्ष विचारायला हवा होता, असा अर्थ निघू नये म्हणून हे लिहीत आहे.

९. शनिवारी मी अंबिलीकडे गेले आणि निमंत्रकपद सोडते असे सांगितले. ती बदकांना खाणे घालत होती. तिने टोपली रिकामी केली. मग म्हणाली, "टीचर, तुम्ही गेलात की माझ्या मागे उरलं कोण? ती दोनशे बदकं." तिने हात धुतले आणि म्हणाली, "जा. मी निवडणूक हरले तर पुढच्या वेळी परत लढेन. साकवावर उभं राहायला पुढची वेळ नसते." मी राजीनामा घेऊन आपल्या कार्यालयात आले. कारकुनांनी सांगितले की एकदा कार्यकर्त्यांच्या यादीत नाव गेले की ते मतदानापर्यंत राहते. म्हणजे मी आता अंबिलीच्याही उपयोगाची नाही आणि मुलांच्याही नाही.

सबब माझी नम्र विनंती अशी :

(अ) जप्त फळ्या हा पुरावा आहे आणि तो नष्ट होऊ नये, हे मला मान्य आहे. परंतु पुरावा आवाराऐवजी कालव्यावर ठेवण्यास काही हरकत दिसत नाही. सील तसेच ठेवावे. पोलीसही तिथेच बसवावा. फळ्यांवर कोणत्याही उमेदवाराचे नाव नाही. हवे तर आपल्या कार्यालयाचे नाव घालावे. अंबिलीची हरकत नाही, मी विचारले आहे.

(आ) श्री. नौशाद यांच्यावरील नोटीस मागे घेऊन त्यांना सकाळ-संध्याकाळ साकवावर नेमावे. आमच्या वॉर्डात कोणाचाही नसलेला तो एकच माणूस आम्ही आजवर पाहिला.

(इ) शिट्टी मतदानानंतर परत मिळाली तरी चालेल.

महोदय, एक तास आणि एक फळी, हे आवाहन मी वॉर्डातल्या प्रत्येक घरी केले. जे आमचे विरोधक होते त्यांच्याही दारी गेले आणि कोणी मला रिकाम्या हाताने परत पाठवले नाही. आपल्या कार्यालयाच्या दारी जायचे तेवढे राहिले होते. आता हा अर्ज कोणत्याही उमेदवारासाठी नाही. फळ्या आपल्याकडे आहेतच. तासाचे तेवढे बघावे.

शाळा उद्या सकाळी पावणेदहाला भरते. त्याआधी आपला आदेश आला नाही तर मी दगड ओलांडणार आहे. लपवून काही करण्याची मला सवय नाही, म्हणून आधीच कळवते. मी काठावर उभी राहणार नाही, म्हणजे रांग दिसणार नाही. मी सुपारीच्या खोडांखाली, पाण्यात उभी राहीन. तिथे पाणी माझ्या खांद्यापर्यंत येते, मी काल उतरून पाहिले आहे. नियमभंग नोंदवण्यासाठी पथक येईलच, त्यांना मी आडकाठी करणार नाही. फक्त चित्रीकरणाला ज्याला पाठवाल, त्याला पोहता येत असावे.

आपली नम्र,
के. एन. भार्गवी
(निवृत्त शिक्षिका)
आंबलतुरुत्त, वॉर्ड क्र. ७
दिनांक : २४ नोव्हेंबर

सोबत : १) घरोघर केलेल्या आवाहनाची प्रत.
२) दोन्ही नोटिशींच्या प्रती.
३) निमंत्रकपदाचा राजीनामा, जो आपल्या कार्यालयाने स्वीकारलेला नाही.
४) मीनुट्टीच्या आईचे श्री. नौशाद यांच्या बाजूने निवेदन. सही तिची आहे. साक्षीदार म्हणून तंकच्चनची.