चार वाजताचा पेला

सिंदी मेघे, वर्धा
२३ फेब्रुवारी

चि. कृष्णकांत यास मनोहरचे अनेक आशीर्वाद. (थोरल्याने धाकट्याला आशीर्वादच द्यायचे असतात, म्हणून ते वर लिहून टाकले. खाली जे येणार आहे ते वेगळं.) तुझी, सौ. मैत्रेयीची आणि चि. स्वप्निलची तब्येत उत्तम असणारच. का नसावी? तुम्ही तिघं काही तीन दिवस उपाशी नव्हतात. आम्ही होतो. अण्णाजी, तुझी वहिनी आणि मी, घरात तीन माणसं आणि तिघांच्याही पोटात नुसतं लिंबूपाणी. मला पित्ताचा त्रास आहे हे तुला लहानपणापासून माहीत आहे. फोन न करता पत्र लिहितो आहे याचं कारण एवढंच, की फोनवर तू मध्ये बोलतोस.

आता नीट ऐक. गेल्या महिन्यात तुझे चिरंजीव नागपूरचं मित्राचं लग्न आटोपून ताडोबाचे वाघ बघायला निघाले होते. जामच्या फाट्यावरून वर्ध्याकडे वाट वाकडी करून आले याचं मला कौतुक वाटलं. दारात गाडी, गाडीत चार मित्र, आणि ते सारखे हॉर्न वाजवताहेत. स्वप्निलने ओट्यावर एक खोका ठेवला, अण्णाजींच्या पाया पडला (अण्णाजींनी डोक्यावर हात ठेवला, नातवाशी त्यांचं भांडण नाही), "बाबांनी आजोबांसाठी पाठवलंय, चिठ्ठी आत आहे" एवढं बोलला आणि गेला. चहासुद्धा घेतला नाही. खोक्यात गवतात गुंडाळलेल्या बाटल्या होत्या. बाटल्यांवर लेबल नाही, नुसती गळ्यात सुतळीने बांधलेली एकेक चिठ्ठी. ज्या चिठ्ठीबद्दल तो बोलला ती हीच, असं आम्ही समजलो. खरी चिठ्ठी तळाशी गवताखाली होती, आणि खोक्याच्या तळापर्यंत जायला आम्हाला दोन आठवडे लागले.

तुझ्या त्या सुतळीवरच्या चिठ्ठीत काय लिहिलं होतं ते तुला पाठ असेल, तरी परत सांगतो. 'सेंद्रिय द्राक्षं. पायांनी तुडवलेली. साखर नाही, रंग नाही, रसायन नाही. मातीच्या रांजणात आपलं आपण आंबलेलं.' अरे गृहस्था, ही काय दारूची चिठ्ठी झाली? ही तर अण्णाजींची दिनचर्या झाली! ज्या माणसाने साठ वर्षं पॉलिशचा तांदूळ खाल्ला नाही, दुकानातलं बिस्किट हातात धरलं नाही, युरियाची गोणी बांधावर आली तेव्हा जो सात दिवस शेतात गेला नाही, त्याला तू हे पाठवतोस? मी चिठ्ठी त्यांना मोठ्याने वाचून दाखवली. त्यांनी भिंगातून स्वतः वाचली. मग म्हणाले, धाकट्याला अखेर अक्कल आली, दारू सोडून रस काढायला लागला. (तू बागेतल्या द्राक्षांची दारू काढायला लागलास, तेव्हापासूनच्या नऊ वर्षांत तुझ्याबद्दल काढलेला हा त्यांचा पहिला शब्द. त्या आनंदात मी आणखी विचार केला नाही, ही माझी चूक. पण ती दुसरी. पहिली तुझी.)

तू म्हणशील, दादा, तुला वासावरून कळलं नाही? कसं कळणार? मी जन्मलो वर्ध्यात, शिकलो वर्ध्यात, शिकवलं वर्ध्यात. अख्खा जिल्हा दारूबंदीचा आणि त्यात बाप अण्णाजी. इथल्या लोकांना प्यायची असली तर हद्द ओलांडतात नाहीतर लपवतात, आणि आमच्या घरापासून तर फारच लांब लपवतात. बाटलीचं बूच कसं काढतात तेही मला माहीत नव्हतं. पेचकसने काढायला गेलो तर ते आतच पडलं. मग चहाच्या गाळणीतून गाळून तांब्याच्या पेल्यात दिलं. अण्णाजींनी एक घोट घेतला, डोळे मिटले, आणि म्हणाले, आंबिलीपेक्षा बरं लागतं. त्या दिवसापासून रोज दुपारी चार वाजता एक पेला. ओतणारा हात माझा. हे लिहितानासुद्धा कानशिलं तापतात.

आणि परिणाम विचार. एकोणनव्वद वर्षांचा माणूस, ज्याची झोप रात्री दोनला मोडायची, तो सकाळपर्यंत झोपायला लागला. संध्याकाळी भजन म्हणायला लागला, आणि भजन म्हणता म्हणता आईची आठवण काढायला लागला, की तुमची आई संतापली की पोळ्या जाड व्हायच्या. आम्ही कधी ऐकलं नव्हतं रे हे. वहिनी म्हणाली, सेंद्रिय खाण्याचा गुण आहे. मी कॉलनीत चार जणांना सांगितलं, की माझ्या भावाचा रस मागवा. चार जणांना! त्यातले दोघे व्यसनमुक्ती समितीत आहेत.

मग आल्या रुख्माबाई. तुला आठवत नसतील, तीस वर्षांपूर्वी तू गाव सोडलंस तेव्हा त्यांचं महिला मंडळ नुकतं उभं राहिलं होतं. ज्या गावात हातभट्टी लागते तिथे ही बाई वीस बाया घेऊन पोचते, आणि परवापरवापर्यंत पुढे अण्णाजी असायचे, ती शिसवी काठी घेऊन. त्या काठीने किती गावांतली मडकी फुटली असतील याची गणती नाही. तर या मंडळींनी अण्णाजींचा सत्कार ठरवला होता, त्याचं आमंत्रण द्यायला त्या आल्या, नेमक्या चार वाजता. अण्णाजींनी अगत्याने स्वतःचा पेला पुढे केला. बाईंनी तो नाकापर्यंत नेला आणि परत ठेवला. मग पाणी पिण्याच्या निमित्ताने मला स्वयंपाकघरात नेलं.

"मनोहरभाऊ, हे दारू हाय," त्या म्हणाल्या. "तीस वर्सं झाले, माह्या नाकाले कोनी फसवलं नाई."

कृष्णकांत, त्या क्षणी मला जे झालं ते तुला होवो. मी गयावया केली. सत्कार होऊन जाऊ द्या, म्हातारा माणूस आहे, आयुष्यभराची पुण्याई आहे, कोणाला कळलं तर लोक काय म्हणतील. त्या म्हणाल्या, मी काही बोलत नाही, पण अण्णाजींनी विचारलं तर खोटंही बोलणार नाही, तेव्हा तुम्हीच काय ते सांगा. त्या गेल्यावर मी खोका उपसला. तळाशी तुझा लिफाफा. आत लेबलाचा नमुना. त्यावर टोपी घातलेल्या अण्णाजींचा फोटो, खाली टपोऱ्या अक्षरात 'अण्णाजी', आणि त्याखाली बारीक अक्षरात, अल्कोहोल साडेबारा टक्के. दारूच्या बाटलीवर अण्णाजी! निदान आपल्या आजोबांचं नाव तरी लावायचंस, ते तक्रार करायला नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी दुकानातून जांभळं सरबत आणलं आणि चार वाजता तेच पेल्यात ओतलं. अण्णाजींनी जिभेला लावलं आणि पेला खाली ठेवला.

"हे ते नाई," ते म्हणाले. "मनोहर, काय झालं ते सांग."

सांगितलं. बासष्ट वर्षांचा मी, शाळकरी पोरासारखा उभा राहून सांगितलं. त्यांनी लिफाफा मागितला. तुझी चिठ्ठी त्यांनी भिंगाखाली दोनदा वाचली, मग माझ्याकडे दिली. तू लिहिलं होतंस, मातीला विष घालायचं नाही ही एक गोष्ट मी तुमच्याकडून घेतली आणि ती पाळली, म्हणून नाव लावायची परवानगी मागतो; नाही म्हणायचं असेल तर तेवढं तरी स्वतःच्या हाताने लिहून पाठवा, नऊ वर्षांनी एक शब्द तरी येईल. (वाचून मला वाईट वाटलं. राग त्याने कमी झाला नाही. दोन्ही एका वेळी होऊ शकतं.) मग अण्णाजी म्हणाले, ज्यांनी प्यायली त्यांचा तीन दिवस उपास. मीही केला. वहिनीनेही केला. सोबत म्हणून, दुसरं काय.

मला वाटलं संपलं. घरातलं घरात राहिलं. पण मी विसरलो की आपला बाप सेवाग्रामच्या हवेत वाढला आहे, आणि त्या पिढीला चूक नुसती कबूल करून चालत नाही, चारचौघांत करावी लागते. सत्काराला समाजमंदिर भरलं होतं. शाल झाली, नारळ झाला, आणि अण्णाजी काठी टेकत उभे राहिले. सगळं सांगितलं. रोज चार वाजता, असं वेळेसकट सांगितलं. माझा मोठा मुलगा गाळून द्यायचा, हे गाळणीसकट सांगितलं. मी दुसऱ्या रांगेत होतो. मागून कोणीतरी माझ्या पाठीकडे बोट दाखवल्याचं मला पाठीला कळलं. मग ते जे बोलले ते जसंच्या तसं लिहितो.

"पन्नास वर्षं मी जिच्याशी लढलो, तिची चव मले माहीत नव्हती. आता माहीत झाली. चांगली होती. म्हनून सांगतो बायांनो, तुमची लढाई मले वाटली होती त्याच्याहून कठीन हाय. पिनाऱ्याले मी आजवर कमजोर समजलो, ते माहं चुकलं."

मला वाटलं, झालं, गेली पन्नास वर्षांची अब्रू. मग रुख्माबाई उठल्या, खांद्यावरून घसरलेली शाल त्यांनी अण्णाजींना परत नीट पांघरली आणि बायांकडे वळून म्हणाल्या, "आपल्या घरच्या मानसानं एवढं खरं कधी सांगतलं काय?" बाया हसल्या, आणि त्यातल्या कितीतरी डोळे पुसत होत्या. अण्णाजींची अब्रू वाढली, कृष्णकांत. गेली ती माझी. आता मी बाजारात वांगी निवडत असलो तर भाजीवाला घड्याळ बघतो आणि म्हणतो, सर, चार वाजून राह्यले. पस्तीस वर्षं मी या गावाला विज्ञान शिकवलं आणि लोकांच्या लक्षात राहिली ती चहाची गाळणी. हे सगळं तुझ्यामुळे. परत या पत्त्यावर बाटली पाठवलीस तर मी तुझा भाऊ नाही.

सौ. मैत्रेयीला आणि स्वप्निलला आशीर्वाद (स्वप्निलला थोडे कमी).

तुझा, नाइलाजाने,
मनोहर

ता. क. उरलेल्या बाटल्या रुख्माबाईंच्या देखत मोरीत ओतल्या. ओतताना वास आला. चांगला होता, हे खोटं कशाला सांगू.

ता. क. दोन. वर 'सोबत म्हणून' उपास केला असं लिहिलं आहे, ते माझ्यापुरतं खरं नाही. तिसऱ्या दिवसापासून मीही अर्धा पेला घेत होतो. वहिनीने उपास का केला ते मी विचारलं नाही. तूही विचारू नकोस.

ता. क. तीन. खरं काम राहिलंच. अण्णाजींना तुझी बाग बघायची आहे. पुढच्या महिन्याच्या सातला आम्ही तिघं निघतो, स्टेशनवर ये. त्यांना दमा आहे, खालची खोली दे. पत्रासोबत त्यांच्या हातची चिठ्ठी आहे, ती आधी वाचली असशीलच. अक्षर हललं आहे, म्हणून इथे परत उतरवतो: 'चि. कृष्णा, नाव लावू नको. नाही म्हणजे नाही. जन्मभर लोकांची मडकी फोडली, तुझी पाहायला येतो. अण्णा.'

लिहून झाल्यावर बराच वेळ ते कागद हातात धरून बसले होते. तरीपण रांजण भिंतीला लागून ठेव, आणि काठी मी दारातच काढून घेईन. जुनी सवय आहे, हाताचा भरवसा नाही.