दोन बाजूंची मापं

प्रिय चिंगे,

तुझ्या कुंड्या ठणठणीत आहेत. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं तू धड वाचायची नाहीस. ऑपरेशनला जाताना सगळे बिगोनिया माझ्या शिवणाच्या खोलीत ठेवलेस आणि पाणी बेतानं घाल, एवढंच बजावलंस. बेतणं हा माझा धंदाच, त्यामुळे जमलं. तू मात्र तेव्हापासून घरी यायचं नाव काढत नाहीस.

काठीसारख्या उंच वाढणाऱ्याला गुलाबी झुबके आलेत. एकाच झाडावर नर फुलं वेगळी, मादी फुलं वेगळी, हे तूच दाखवलं होतंस. नर फुलं आधी गळतात. ती झाडताना तुझे बाबा, पुरुषांची कुठेच धडगत नाही म्हणून कुरकुरतात. गोगलगाईसारखं वळलेलं पान, ते केसाळ, ते खालून लालभडक. एकाच घराण्यातली ही मंडळी, पण एकाचा चेहरा दुसऱ्याला नाही.

परवा एका गिऱ्हाइकाला बाहीवर पानाची नक्षी हवी होती. मी ठिपक्यांचं एक पान तोडलं (ओरडू नकोस, खालचं होतं) आणि सवयीनं मधल्या शिरेवर दुमडलं. कापड दुमडायचं, एकदाच कात्री चालवायची, उघडलं की दोन्ही बाजू सारख्या. जन्मभर हेच तर केलं. पण पानाची एक बाजू बाहेरच राहिली. किडीनं खाल्लं असेल म्हणून दुसरं पाहिलं, मग प्रत्येक कुंडीतलं हलकेच दुमडून पाहिलं. एकाचीही अर्धुकं जुळेनात. आणि इतके दिवस मला कुठलंच पान अपुरं वाटलं नव्हतं.

तेव्हा तो निळा ड्रेस आठवला. तुझा डावा स्तन काढला म्हणून त्या बाजूला आतून कापूस भरून मी सगळं सारखं करून दिलं होतं, कुणाला कळू नये म्हणून. तू तो न घालताच परत पाठवलास, वर चिठ्ठीसुद्धा नाही. मला राग आला, इतकं जीव ओतून शिवलेलं! तेव्हापासून फोनवर तू कुंड्यांचं विचारतेस, मी कुंड्यांचं सांगते. तुझी मैत्रीण म्हणाली, उन्हाळ्यातही भलामोठा कोट घालूनच बाहेर पडतेस.

तो ड्रेस मी उसवलाय. कापूस काढून टाकला. लहानपणापासून तुझं अर्धंच माप घेत आले, दुसरी बाजू तीच धरून. आता दोन्ही बाजूंची वेगवेगळी मापं हवीत. कापड न दुमडता एकेक बाजू बेतेन. ही मापं काही फोनवर सांगता यायची नाहीत. मला तिकडे येऊ दे, नाहीतर तू ये. तुला बघावंसं वाटतं गं. टेप लावताना जखमेपाशी हात अगदी हलका ठेवीन.

तुझीच,
आई