शेवटच्या परिच्छेदातली नावं

बाबा,

तुम्ही बार्शीटाकळीहून ज्या पेपरला बातम्या पाठवायचा, त्याच्याच अमरावतीच्या कार्यालयात मी काम करते. बातम्या लिहीत नाही. वाचक मोबाइलवर बातमी कुठपर्यंत वाचतो आणि कुठे सोडतो, हे मोजते. ‘कार्यक्रमाच्या यशस्वितेसाठी’ हे शब्द आले की लोक निघून जातात, असं दिसत होतं. म्हणून त्यापुढची नावं आपोआप गळतील अशी सोय मी केली. संपादकसाहेबांनी तोच नियम छापील अंकालाही लावला.

तुम्ही काय म्हणाला असता याचा अंदाज करावा लागत नाही. मला आठवतं, मी नववीत आहे, तुमच्या हस्ताक्षरातली भीमजयंतीची बातमी टाइप करते आहे. शेवटची चौदा नावं मी सोडून देते. तुम्ही कागद हातात घेता. “नावं कावून काढली वं?” “बातमी वरच संपली ना, बाबा.” “तुयी संपली. ज्यानं सतरंज्या टाकल्या त्याची आता सुरू होते. टाक सारी. आन् कोणाच्या बापाचं नाव चुकवू नको, नाहीतर उद्या तो मलेच रस्त्यात धरते.” मी चिडून सगळी टाकली. दुसऱ्या दिवशी स्टँडवरचा पेपरचा गठ्ठा सकाळी नऊच्या आत संपला.

मागच्या आठवड्यात बार्शीटाकळीहून एका काकांचा फोन आला. वस्तीत अभ्यासिका सुरू झाल्याची बातमी आम्ही छापली होती. “पुढाऱ्याचं नाव हाय. तो रिबन कापून गेला. ज्या बायायनं विटा उचलल्या, त्यायची नावं कुठी गेली?” मी म्हटलं, “जागेची अडचण असते, काका.” “मोबाइलमंदी बी जागा कमी पडून राहिली का, बाई? राहू द्या. उद्यापासून पेपर नका पाठवू.”

मी मोजणी पुन्हा तपासली. बातमी मध्येच सोडणारा माणूस तिच्यात दिसतो. स्वतःचं नाव कापून पेटीत जपणारी बाई दिसत नाही, आणि तिच्या घरातला अंक वाचणारे शेजारीही नाहीत. चूक माझी होती. ती लिहून मी साहेबांकडे नेली आणि नियम काढा असं त्यांना म्हटलं. “आकडे तुम्हीच आणले होते ना, मॅडम? आता भावनेवर चालायचं का?” भावना नाही, मोजमाप अपुरं होतं, असं मी सांगत असतानाच त्यांनी फोन उचलला. नियम अजून चालू आहे. दर सोमवारी बैठकीत मात्र एकच रडगाणं असतं, वाचक तुटला. तुटला नाही हो, आम्ही त्याला दार दाखवलं.

हे कुठे पाठवायचं नाही, म्हणून एक सांगते. फोन ठेवताना काका म्हणाले, “आमच्या इथं एक पत्रकार होते. त्यायच्या वक्ताले असं नव्हतं.” तुमच्याबद्दलच बोलत होते. मग त्यांनी विचारलं, “तुमी कुठच्या, बाई?”

मी म्हणाले, अमरावतीची.