साठ नव्हे, तीस

४ मार्च

आज लपले. स्वतःच्याच ऑफिसच्या बाथरूममध्ये, नळ सोडून! बाहेर शिवणवाल्या मावशी बसल्या होत्या.

माझ्या काळ्या कोटाच्या बाह्या त्यांनीच आखूड करून दिल्या आहेत. मागच्या गल्लीत त्यांचं एका खोलीचं दुकान, पडद्याआड संसार. घरमालकाने दावा लावला होता, निकाल विरुद्ध गेला. अपील करायचं म्हणून कागद घेऊन आल्या. तारीख बघितली — एकेचाळीस दिवस झालेले.

"मावशी, मुदत तीस दिवसांची असते. इतके दिवस थांबलात कशाला?"

त्यांनी पिशवीतून घडी घातलेला कागद काढला. "साठ ना? तुम्हीच लिहिलंय की!"

माझ्या ब्लॉगची प्रिंट. 'घर खाली करण्याचा हुकूम झाला तर घाबरू नका.' माझा सगळ्यात जास्त वाचला गेलेला लेख. 'साठ दिवस'खाली लाल रेघ. माझा चेहरा बघून त्याच म्हणाल्या, "मीच चुकीचं वाचलं असेल. माझं शिक्षण ते किती!"

मी 'हो' म्हटलं नाही. 'नाही'सुद्धा म्हटलं नाही. "बघते हं" म्हणाले आणि आत पळाले.

५ मार्च

लेखाच्या तळाशी वाक्य आहेच — 'हा मजकूर केवळ माहितीसाठी, कायदेशीर सल्ला नव्हे.' सकाळपासून दहा वेळा वाचलं. कायद्याने मी सुटते.

मावशींच्या प्रिंटमध्ये ते नव्हतं. ते दुसऱ्या पानावर जातं. त्यांनी पहिलंच पान छापून घेतलं होतं.

६ मार्च

लिहून टाकते, इथे कोण बघतंय. चूक मला माहीत होती.

मुदत गेल्या वर्षी कमी झाली. नोव्हेंबरात 'जुना कारकून' अशा नावाने कुणीतरी लेखाखाली लिहिलं — "बाई, आता तीस दिवस झालेत. दुरुस्त करा. वकिलांनी तरी अभ्यास करावा." शेवटचं वाक्य झोंबलं. बावीस जणांनी कौतुक केलेलं आणि त्यांच्या डोक्यावर हे! पुसून टाकलं. लेख सवडीने बदलू म्हटलं.

विसरले असं नाही. लेख उघडायचीच नको वाटायचं.

८ मार्च

लेख बदलला. गुपचूप. साठच्या जागी तीस, बस्स. वरची जुनी तारीख तशीच राहू दिली. कुणाला कळणार!

बाबांना कळलं. निवृत्त मुद्रितशोधक, माझा प्रत्येक लेख ऱ्हस्व-दीर्घासाठी वाचतात. जेवताना म्हणाले, "साठाचे तीस केलेस?"

"हो."

"खाली तसं सांगितलं नाहीस."

"एक आकडा तर आहे, बाबा!" आणि मग मावशींचंही सांगावं लागलं.

त्यांनी पाण्याचा पेला बाजूला सरकवला. "शुद्धलेखन मी बघायचो. बाकीचं तू बघतेस अशी माझी समजूत होती."

उठून गेले. ताट तसंच.

११ मार्च

उशीर माफ करण्याचा अर्ज तयार केला. कोर्ट माफ करतं, पण कारण शपथेवर सांगावं लागतं. मी लिहिलं — 'अर्जदार आजारी होती.'

मावशी ओठ हलवत हळूहळू वाचतात. तिथे थांबल्या. "मी कुठे आजारी होते?"

"असं लिहायची पद्धत आहे."

"अहो, माझं मशीन रोज चालू होतं. अख्ख्या गल्लीला ऐकू जातं ते!" मग आवाज खाली आला. "सरळ लिहा ना, बाईला वाचता आलं नाही. खरं आहे ते. मी सही करते."

तेव्हा मात्र राहवलं नाही. सांगितलं. जुन्या कारकुनासकट सगळं — भिंतीकडे बघत.

"म्हणजे मी बरोबर वाचलं होतं?"

"हो."

"आठवडाभर लेकीची बोलणी खातेय मी. 'आई, तुला एक कागद नीट वाचता येत नाही.'"

पिशवी उचलली आणि गेल्या. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

१२ मार्च

फोन नाही. मीही केला नाही.

१३ मार्च

त्यांची वकील मी राहू शकत नाही. साक्ष मीच द्यायची, मग वकीलपत्र माझं कसं! कायद्याच्या कॉलेजातल्या एकीकडे गेले. आमचं कधी पटलं नाही, पण कामाला चोख आहे. माझं प्रतिज्ञापत्र वाचून म्हणाली, "नावानिशी देणार हे? बाररूममध्ये वकील वर्षभर चघळतील."

"चघळू देत."

उसनं अवसान.

तिचं कार्ड घेऊन मावशींच्या दुकानात गेले. त्यांनी मशीन थांबवलं नाही. "ठेवा तिथे."

२० मार्च

मावशींनी तिलाच वकीलपत्र दिलं. आज माझी साक्ष झाली. घरमालकाचे वकील गोड आवाजात म्हणाले, "लेखाखाली 'सल्ला नव्हे' असं आपणच लिहिता ना, मॅडम? मग वाचणाऱ्याने विश्वास का ठेवावा?"

"कारण वरचं सगळं मी विश्वास बसावा असंच लिहिते."

मागे कुणीतरी हसलं. न्यायाधीश हसले नाहीत. "ती प्रतिक्रिया का पुसलीत?"

किती कारणं पाठ करून गेले होते! "खरी होती म्हणून," एवढंच आलं तोंडातून.

उशीर माफ झाला. अपील दाखल. त्याचा निकाल लागेपर्यंत खोलीला कुणी हात लावायचा नाही.

बाहेर मावशी लेकीसोबत उभ्या होत्या. लेकीला म्हणाल्या, "ऐकलंस ना?" माझ्याकडे बघून मान हलवली. जवळ आल्या नाहीत.

२१ मार्च

लेखाच्या अगदी वर, ठळक अक्षरांत लिहिलं — काय चुकलं, मला केव्हा कळलं, मी काय पुसलं. बाबांनी दोनदा वाचलं. "एक स्वल्पविराम घाल आणि टाक." संध्याकाळीच मला झोप यायला लागलीय. किती दिवसांनी!

२२ मार्च

सकाळी ब्लॉग उघडला. पहिली प्रतिक्रिया — "मॅडम, मीपण साठच धरले होते. जानेवारीत बाहेर काढलं. आम्ही चौघं बहिणीकडे राहतो. आता काही करता येईल का?"

मंजुरीसाठी आणखी सहा थांबल्या आहेत.