उजवा खांदा पाऊण इंच वर

माय, तुझी नऊ पोलकी, त्यातलं पहिलं हिरव्या सुताचं. माझ्या लग्नाचा सदरा. तुझ्या सुनेची एकोणीस वर्षांची सगळी पोलकी. दुकानातला कापायचा टेबल, सागाचा, साडेसहा फूट. तुझ्या नातीचे शाळेचे सात गणवेश. आणि शेवटी चार गाऊन, पुढून उघडणारे, गुंड्यांऐवजी बंद लावलेले, ऑपरेशननंतर तिला हात वर करावा लागू नये म्हणून. एवढं मी कोणाच्या हाताखाली न बसता केलं. इतवारीतले जुने मास्टर विचारतात, उस्ताद कोण होते तुमचे? मी छाती काढून सांगतो, कोणी नाही. ते खरं नाही, हे फक्त तुला माहीत आहे. मी तुझ्या पाठीवर शिकलो.

कुहीकडच्या आपल्या गावात शिंपी एकच होता आणि तो सगळ्या बायांची पोलकी सारखीच कापायचा. तुझं पोलकं उजवीकडून वर चढायचं, डावीकडून लोंबायचं, आणि तू दिवसभर पदर ओढत राहायचीस. मी चौदा वर्षांचा आहे, तू धानाच्या रोवण्याला गेली आहेस, मी ओसरीत बसून ते हिरवं पोलकं उसवतो. टेप नाही, म्हणून आदल्या संध्याकाळी सुतळीला गाठी मारून तुझं माप घेतलेलं. उजवा खांदा एक इंच वर. उजवीकडची लांबी वाढवली, डाव्या खांद्यात कापसाची पातळ गादी दिली, पाठीत एकाच बाजूला टक्स घेतला. तू ते घालून उन्हात उभी राहिलीस आणि सारवलेल्या भिंतीवर तुझी सावली पडली. सरळ. तू आरशात पाहिलंच नाहीस, बराच वेळ सावलीच पाहत होतीस. मग मी शहाणपणा केला. विहिरीवर बायांनी विचारलं, काय वं, नवा शिंपी धरला का? तर मीच पुढं होऊन सांगितलं, मायची पाठ वाकडी आहे ना, म्हणून उजवीकडून इंचभर जास्त धरलं! घरी आल्यावर चुलीपुढं तू मला अशी थापड मारलीस की कान वाजला. "पाठीचं नाव काढायचं नाई. मी मेल्यावरही नाई." मी रडत विचारलं, "अन् कोणी इचारलं तं?" "तं म्हणायचं, माय सरळ होती." थोड्या वेळानं गंजातली भाताची खरवड काढून माझ्याच ताटात घातलीस. मी शब्द पाळला, माय. फार पाळला.

नात दहा वर्षांची झाली तेव्हा गणवेशासाठी माप घेताना टेपनं उजवीकडून पाव इंच जास्त सांगितलं. मी कापडात पाव इंच दिला. पुढच्या वर्षी अर्धा. त्याच्या पुढच्या वर्षी पाऊण, आणि डाव्या खांद्यात पातळ गादी. माझ्या मापाच्या वहीत सगळं लिहिलेलं आहे, माझ्या अक्षरात, सुतासकट, म्हणजे इंचाच्या आठव्या भागापर्यंत. गणवेश असा बसायचा की शाळेत बाई इतर मुलींना म्हणायच्या, नीटनेटकं पाहायचं असेल तर हिच्याकडे पाहा. मला कळलं नव्हतं असं मी बायकोला सांगितलं. हाताला कळलं होतं. हातानं डोक्याला सांगितलं नाही, की डोक्यानं ऐकलं नाही, हे मला आजही नक्की लिहिता येत नाही.

उघड केलं ते एका रेडिमेड टॉपनं. तेराव्या वाढदिवसाला तिची मावशी नंदनवनला आमच्याकडे आली आणि तो घेऊन आली. पोर घालून बाहेर आली आणि म्हणाली, "मावशी, हा वाकडा शिवला वाटते." मावशी हसली, "दुकानदारानं फसवलं वं मले." बायको हसली नाही. तिनं पोरीला आत नेलं आणि तिथूनच हाक मारली, "अहो, इकडे या बरं. हिची पाठ पाहा." डॉक्टरांनी तिला पुढं वाकायला सांगितलं तेव्हा उजवीकडची पाठ सुपासारखी वर आली. एक्स-रेवर रेघा ओढून त्यांनी आकडा सांगितला, अठ्ठावन्न अंश. वय लहान आणि बाक कमी असताना पट्टा लावून थांबवायचा प्रयत्न करता येतो, आता ऑपरेशनच. मग तिच्या गणवेशाकडे पाहून त्यांनी विचारलं, "हा कोणी शिवला?" माय, मला सांगायलाही लाज वाटते, त्या खोलीतसुद्धा माझी मान ताठ झाली. "मीच." ते म्हणाले, "फार सुंदर शिवलाय. म्हणूनच कोणाला दिसलं नाही."

त्यांनी पुढं विचारलं, घरात आणखी कोणाला होतं का, कधी कधी घराण्यात असतं. बायको म्हणाली, नाही. तिनं तुला पाहिलेलंच नाही. मी टेबलाच्या कडेकडे पाहत म्हटलं, "माझ्या आईला." पुढं म्हटलं, "तिची पाठ वाकडी होती." इतक्या वर्षांनी कान पुन्हा वाजला. मग मीच विचारलं की आईला दम लागायचा, त्याचा काही संबंध? ते म्हणाले, बाक फार वाढला तर फुप्फुसांना जागा उरत नाही. धानाच्या बांधीवरून घरी येताना तू तीनदा बसायचीस. मी म्हणायचो, चल ना लवकर, भूक लागली.

ऑपरेशन साडेसहा तास चाललं. पाठीच्या मणक्यांत दोन्ही बाजूंनी स्क्रू आणि त्यातून दोन सळ्या. आदल्या दिवशी मी डॉक्टरांना विचारलं होतं, सळ्या तयार वाकवून येतात का? ते म्हणाले, "नाही हो, मी तिथंच हातानं वाकवतो, तिच्या अंगाच्या मापानं." पायांतली ताकद जायचा धोका त्यांनी न लपवता सांगितला होता. तरी मी सही केली ती त्या एका वाक्यावर. शुद्धीवर आल्यावर तिनं दोन्ही पायांची बोटं हलवली. तिसऱ्या दिवशी ती उभी राहिली. मी घरून टेप नेला होता, त्यावर नर्स हसली. चार सेंटीमीटर वाढली होती, म्हणजे दीड इंचाला अर्धा सूत वर. पुरती सरळ नाही, सोळा अंश राहिलेत. आकडा आकड्यासारखा सांगितलेला बरा.

शाळेत परत जायच्या दिवशी तिनं माझा गणवेश घातला. उजवीकडून लोंबला, डाव्या खांद्यावर गादी कुबडासारखी उभी राहिली. "बाबा, आता हाच वाकडा दिसून राहिला." मी म्हटलं, आण, उसवून देतो. ती म्हणाली, "नको. मले रेडिमेडच घेऊन द्या. राग नका मानू." आयुष्यात पहिल्यांदा मी दुसऱ्याच्या दुकानात पोरीसाठी कपडा घ्यायला गेलो. बाहीची शिवण कच्ची होती, गुंड्या एका टाक्यावर. पण तिला बसला. जसाच्या तसा बसला.

तुझ्या पोलक्याचा वर्तमानपत्राचा खाका माझ्याकडे अजून आहे, एक बाजू लांब, एक आखूड. कधी कधी तो टेबलावर पसरून हिशेब करतो की तू आज तेरा वर्षांची असतीस तर. दीड-दोन इंच तरी वाढली असतीस. बांधीवरून एका दमात घरी आली असतीस. मागच्या महिन्यात मी हिरवं सुती कापड आणलं आणि त्या मापाचं दहावं पोलकं कापलं, दोन्ही बाजू सारख्या. शिवलेलं नाही. घालणारीशिवाय टाका पडत नाही. हे पत्रही त्याच घडीत ठेवीन, बाकी पाठवणार कुठं?

आणि परवाचं सांगायचं राहिलं. दुकानात एक व्यापारी आले, सोबत बारा-तेरा वर्षांची मुलगी. मी तिला दारातून येताना पाहिलं आणि टेप न लावता माप झालं, उजवा खांदा पाऊण इंच वर. ते म्हणाले, "मास्टर, तुमच्या हाताची तारीफ ऐकली. असं शिवा की कोणाले काही दिसलं नाई पाहिजे. लगीन होईपर्यंत हिचे सारे कपडे तुमच्याकडे." मी म्हटलं, "आधी डॉक्टरले दाखवा. माझ्या पोरीचं झालं, पत्ता देतो." ते खालच्या आवाजात म्हणाले, "पोरगी उभी आहे. पाठीचं नाव काहून काढता?" तुझंच बोलणं, माय. मी मुलीकडे वळलो. "बेटा, तुझी पाठ वाकडी आहे. तुझी काही चूक नाही. आमच्या घरी दोघींची होती. एक नीट झाली." ती म्हणाली, "अन् दुसरी?" मी म्हटलं, "दुसरीचे कपडे मी शिवायचो."

पत्त्याची चिठ्ठी मी मुलीच्याच हातात दिली. बापाला नाही म्हटलं, पण लगेच नव्हे, त्यांनी देऊ केलेला आकडा ऐकून घेतल्यावर म्हटलं, आणि मधे जरा वेळ गेला. वर्षाचे साठ हजार, आगाऊ.